रस्सा चालतो, कोंबडी चालत नाही

आधीच सांगते, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण विषय कोंबड्यांचा आहे.

गेले दोन महिने आम्ही भाड्याचं घर शोधतोय. कळंबा, पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, फुलेवाडीच्या पुढचा पट्टा, कसबा बावड्याची मागची बाजू. गाडीवरून सगळं पालथं घातलं. मागणी फार नाही. दोन खोल्या, संडास-बाथरूम आत, पाण्याची सोय, आणि मागं दहा बाय दहाचं का होईना, परडं. माणसं चार: मी, नवरा, लेक आणि आता माझी आई. दोघं नोकरी करतो, भाडं कधी थकवलेलं नाही.

आणि आईच्या आठ कोंबड्या.

चौदा घरं बघितली. तीन घरांना परडंच नव्हतं. उरलेल्या अकरा ठिकाणी सगळं जमलं होतं. भाडं जमलं, डिपॉझिट जमलं, पार्किंग जमलं. कोंबड्यांचं नाव काढलं की मालकांचा चेहरा असा व्हायचा की जणू आम्ही घरात वाघ पाळणार आहे.

एका मालकांनी तर टोकन घ्यायला हात पुढं केला होता. ऐकल्यावर हात मागं. "अहो ताई, ही रेसिडेन्शियल कॉलनी आहे." काका, ही रेसिडेन्शियल कॉलनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी उसाचं रान होतं. तुमच्या वडिलांनी प्लॉट पाडले तेव्हा त्या रानातल्या वस्तीवर खुराडं नव्हतं का? मनात आलं, बोलले नाही. घर पाहिजे असतं तेव्हा माणूस गप्प बसतो.

दुसऱ्या ठिकाणी मावशी म्हणाल्या, "कोंबड्या म्हटल्यावर घाण आली, वास आला." हे ऐकताना त्यांचं दारातलं कुत्रं माझ्या चपलेवर पाय वर करत होतं.

तिसऱ्या ठिकाणी, "आमच्यात नाही चालत." मी विचारलं, तुम्ही शाकाहारी का? "छे! बुधवार-रविवार असतंयच की. पण खाणं वेगळं, पाळणं वेगळं."

एजंट सगळ्यात हुशार निघाला. "मॅडम, सांगायचंच नाही. आधी सामान टाका, महिन्याभरानं हळूच आणा." पुढच्याच आठवड्यात कुणीतरी बघणार, करार मोडला म्हणून डिपॉझिट बुडणार, आणि आई भर पावसात दुसऱ्यांदा बिऱ्हाड हलवणार. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण आपल्याकडंच आहे ना?

आता मुद्द्यावर येते. तांबडा-पांढऱ्याच्या गावात, जिथं आखाडात घराघरांतून रश्श्याचा वास येतो, जिथं पाहुणा आला की "गावरान कोंबडी केली आहे" हे अभिमानानं सांगतात, तिथं जिवंत कोंबडी घेऊन भाड्यानं राहायला जागा नाही. हॉटेलच्या पाटीवर "अस्सल गावरान" लिहिलं की गिऱ्हाईक जास्त पैसे मोजतं. ती गावरान कोंबडी कुठं वाढते मग? कुणाच्या तरी परड्यातच ना? ते परडं फक्त आपल्या कॉलनीत नको, एवढंच आपलं म्हणणं.

मी म्हणते, हा स्वच्छतेचा प्रश्न कमी आणि "लोक काय म्हणतील" याचा जास्त आहे. कुत्रं म्हणजे स्टेटस. लव्हबर्डचा पिंजरा म्हणजे हौस. माशांची टाकी म्हणजे वास्तूला चांगली. आणि कोंबडी म्हणजे गावठी. कोंबड्या असलेलं बिऱ्हाड आलं की कॉलनीचा भाव पडतो, ही खरी भीती. काही ठिकाणी तर कोंबडी हे निमित्त होतं. पहिला प्रश्न "आडनाव काय?", दुसरा "मूळ गाव कुठलं?", तिसरा "खाण्यापिण्याचं काय?". हे तीन प्रश्न का विचारतात, हे भाड्यानं राहिलेल्या प्रत्येकाला माहिती आहे. मुंबईत मराठी माणसाला मांसाहारी म्हणून घर नाकारतात, तेव्हा आपण इथं बसून पोस्टी टाकतो, रक्त उसळतं. आपल्या दारात घर मागायला आलेल्या माणसाला आपण काय विचारतो, त्यावर कधी पोस्ट टाकलीय?

आता तुम्ही म्हणाल, आठ कोंबड्यांसाठी एवढं? विकून टाका, प्रश्न मिटला. माझ्या सख्ख्या चुलत भावानं हेच सांगितलं. म्हणून आईबद्दल थोडं.

आई नदीकाठच्या गावात राहते. करवीर तालुकाच, शहरापासून लांब नाही. वडील गेल्यापासून एकटीच. २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली होती, हे इथं कुणाला सांगायला नको. धोक्याची पातळी ४३. आमच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. बोट आली तेव्हा आई माळ्यावर बसलेली, शेजारी डालगं, डालग्यात कोंबड्या. बोटीतली पोरं म्हणाली, आजी, माणसं आधी. बरोबरच होतं त्यांचं. आईनं डालगं माळ्यावर ठेवलं, वर पोतं टाकलं, कण्या ओतल्या आणि बोटीत बसली. पाच दिवसांनी परत गेलो तेव्हा सातातल्या दोन जिवंत होत्या. २०२१ ला परत पाणी. त्या वेळी ती आधीच निघाली, पण कोंबड्या घेऊन निघाली आणि शाळेच्या छावणीत त्यांच्यावरून भांडण झालं. आज आहेत त्या आठ कोंबड्या म्हणजे त्या वाचलेल्या दोघींचीच पिल्लावळ.

२०१९ च्या पुरात कितीतरी माणसं जनावरं सोडून यायला तयार नव्हती. टीव्हीवर बघताना शहरातली माणसं म्हणत होती, काय अडाणी लोक आहेत, जिवापेक्षा म्हैस मोठी? अडाणी नाहीत ओ. ती म्हैस, ती शेळी, ते डालगं म्हणजे त्यांचं बँकेतलं पासबुक आहे. पासबुक पाण्यात टाकून या म्हटल्यावर तुम्ही आला असता?

आईचा हिशोब सांगते. गावठी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते. मध्ये खुडूक होते, रवणीला बसते, २१ दिवस अंड्यांवरून उठत नाही, मग पिल्लं फिरवते. म्हणून संकरित कोंबडीएवढी अंडी तिच्याकडून होत नाहीत. आठ कोंबड्यांची धरा साडेपाचशे अंडी. आई १५ रुपयांनी देते. सगळी विकली तर आठ हजारांच्या आसपास. घरात खाल्ली, नातीला दिली, रवणीला ठेवली ती वजा करा. वर्षाकाठी दोन-चार तलंगा विकते, त्याचे वेगळे. सगळं मिळून काय, एखाद्याचा मोबाईल येईल एवढे पैसे.

पण ते तिचे आहेत. गावाकडं ऊस नवऱ्याच्या नावावर, दुधाचं बिल डेअरीतून त्याच्याच खात्यावर. कोंबडीचा पैसा मात्र बाईचा. हा अलिखित नियम आमच्या आजीच्या आधीपासूनचा आहे. माझी दहावीची फी अंड्यांतून गेलीय. लेकीच्या कानातलं अंड्यांतून आलंय. आई आमच्याकडं आली आणि कोंबड्या विकून आली, तर ती जावयाच्या घरात राहणारी सासू होते. पावडरच्या डब्यासाठीसुद्धा तिला हात पसरावा लागेल. नवरा माझा चांगला आहे, तोंडातून शब्द काढणार नाही. पण आईला ते नको आहे. ती म्हणते, "मी येतो बाळ, पर कोंबड्या बी येत्यात. न्हाईतर मी हितंच बरा हाय."

आता मालकांची बाजू. ती नाहीच असं मी म्हणत नाही. घर त्यांचं आहे, कर्ज काढून बांधलंय. त्यांच्या तक्रारी एकेक घेऊ.

आवाज. खरं आहे. पहाटे चारला आरवतो तो कोंबडा. आणि बऱ्याच शिकलेल्या माणसांना माहीत नाही म्हणून सांगते: अंडी द्यायला कोंबडा लागत नाही. पिल्लं काढायची तरच लागतो. म्हणजे कोंबडा नको अशी अट घाला, आम्हाला मान्य. कोंबडी अंडं घातल्यावर पाच मिनिटं कलकल करते, ती पण दिवसा. गणपतीत डॉल्बीनं आपल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात तेव्हा आपण परंपरा म्हणतो. रहिवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा कायद्यात लिहिलेली आहे, ती कुणी मोजायला येत नाही. कोंबडीचे डेसिबल मात्र सगळ्यांना ऐकू येतात.

वास. हेही खरं, पण अर्धं. कोंबड्या कोंडून ठेवल्या, खाली ओल राहिली, तर वास येतोच, आणि कोल्हापूरच्या पावसात ओल राहायला वेळ लागत नाही. एका कोंबडीची विष्ठा दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास. आठ जणींची किलोभर. खाली भाताचं तूस टाकलं, ते कोरडं ठेवलं, आठवड्याला बदललं, तर नाकाला कळत नाही. वर ते खत होतं. हीच माणसं कुंड्यांसाठी नर्सरीतून खताची पिशवी विकत आणतात.

रोग. ही सगळ्यात गंभीर तक्रार, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला तो पहिला. २०२१ ला परभणीत आला. असा रोग सापडला की एक किलोमीटरच्या परिघातल्या सगळ्या कोंबड्या मारतात. आमच्या आठ त्या परिघात आल्या तर त्याही जातील, रडून उपयोग नाही. पण त्याचा उपाय काय? कोंबड्यांची नोंद करणं, लसी टोचणं, पक्षी अचानक मेले तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगणं. बंदी घातली की लोक चोरून पाळतात. आणि चोरून पाळणारा माणूस कोंबडी मेली तर ओढ्यात टाकतो, दवाखान्यात सांगत नाही. तुम्हाला रोगाची भीती आहे म्हणून तरी उघड पाळू द्या.

उंदीर, मांजरं, मुंगूस. खाद्य उघडं टाकलं तर येणार. झाकणाचा डबा वापरला, संध्याकाळी उरलेलं उचललं तर नाही येणार. कॉलनीच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याचा ढीग दोन दिवस उचलला जात नाही, तिथले उंदीर कुणाच्या कोंबड्यांमुळं आले?

आता सरकारची गंमत बघा. पंचायत समितीत जा, परसातल्या कुक्कुटपालनाच्या योजना आहेत, अनुदानावर पिल्लं मिळतात. वनराजा, गिरिराजा अशा परसासाठीच तयार केलेल्या जाती आहेत. बचत गटाच्या बैठकीत सांगतात, ताई, कोंबड्या पाळा, पोषण वाढवा, चार पैसे कमवा. छान. पण हे सगळं ज्याचं स्वतःचं परडं आहे त्याच्यासाठी. जी बाई पुरामुळं, नवऱ्याच्या नोकरीमुळं, पोरांच्या शाळेमुळं भाड्याच्या खोलीत आली, तिला पोषण नको? तिला चार पैसे नकोत?

आणि करार. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचा छापील नमुना सगळीकडं सारखाच. त्यात एक ओळ असते, पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत. ती ओळ कुणी लिहिली, कुणालाच माहीत नाही. मालकानं वाचलेली नसते, एजंटनं वाचलेली नसते. कुत्रं असलं की हीच ओळ पेनानं खोडतात, मी डोळ्यांनी बघितलंय. कुत्रेवाल्यांच्या बाजूनं निदान केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तरी आहेत, की सोसायटीला कुत्रं पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. कोंबडीच्या बाजूनं बोलणारं मंडळ नाही. न्यूयॉर्कसारख्या शहरातसुद्धा घरामागं कोंबड्या पाळता येतात, फक्त कोंबड्याला बंदी आहे. तिथल्या लोकांना जमतं आणि उसाच्या फडाला लागून असलेल्या पाचगावात जमत नाही?

भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. किती जण नोंदवतात? अर्धे लोक शंभरच्या स्टँपवर काम भागवायचे, आता पाचशेच्या. म्हणजे कायद्यातली अट धाब्यावर आणि छापील नमुन्यातली कोंबडीची अट दगडावरची रेघ!

नुसती टीका करून थांबत नाही. मी स्वतः अटींचा कागद तयार केलाय. प्रत्येक मालकाला दाखवलाय, एकानंही पूर्ण वाचला नाही. इथं देते, तुम्ही तरी वाचा.

१. कोंबड्या दहाच्या वर जाणार नाहीत. कोंबडा ठेवणार नाही.

२. खुराडं चार बाय चार फुटांचं, जमिनीपासून उचललेलं, जाळीचं. घराच्या भिंतीला टेकून नाही, शेजाऱ्याच्या खिडकीखाली नाही. आमच्या खर्चानं करणार, जाताना काढून नेणार.

३. रोज झाडलोट. तूस आठवड्याला बदलणार. खाद्य झाकणाच्या डब्यात.

४. मानमोडी आणि देवीच्या लसी वेळेवर, त्याची नोंद वहीत. पक्षी अचानक मेले तर त्याच दिवशी दवाखान्याला आणि मालकाला कळवणार.

५. नेहमीच्या डिपॉझिटशिवाय पाच हजार वेगळे, फक्त परड्याच्या साफसफाईसाठी. जाताना नुकसान दिसलं तर त्यातून कापा.

६. शेजाऱ्याची लेखी तक्रार आली तर पंधरा दिवसांत दुरुस्ती. नाही झाली तर कोंबड्या हलवणार.

सांगा, कुत्रं पाळणाऱ्या कुठल्या भाडेकरूनं तुम्हाला असा कागद दिलाय?

आणखी एक. शहराची हद्द १९७२ पासून तिथंच अडकलेली आहे. यातल्या बहुतेक कॉलन्या ग्रामपंचायतीत आहेत. हद्दवाढ व्हावी की नको यावर दोन्हीकडून मोर्चे निघतात, गावपण टिकलं पाहिजे म्हणून बंद पाळले जातात. गावपण टिकवायचं म्हणजे नक्की काय टिकवायचं? कमानीवरचं नाव, की परड्यातली कोंबडी? १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत कुणीतरी एवढा तरी ठराव मांडा, की ठरावीक संख्येत, नोंद करून, या अटींवर परसात कोंबड्या पाळायला गावाची हरकत नाही, मग राहणारा मालक असो की भाडेकरू. ठरावानं मालकावर सक्ती होणार नाही, मला कळतं. पण "कॉलनीवाले काय म्हणतील" हे कारण तरी संपेल. अकरातल्या निम्म्या मालकांचं खरं कारण तेच होतं, बाकी त्यांना काही वाटत नव्हतं.

मृग लागलाय. जुलै तोंडावर आहे. गेल्या रविवारी आईला म्हटलं, तू तरी पुढं ये, कोंबड्यांचं बघू नंतर. ती म्हणाली, "३९ फुटाला गेलं की बघू." ३९ म्हणजे इशारा पातळी. तिथून ४३ व्हायला आपल्या नदीला किती वेळ लागतो, हे आपण बघितलंय. मला रात्री पाऊस वाढला की झोप येत नाही, मोबाईलवर पातळी बघत बसते.

तेव्हा ज्यांच्या ओळखीत घर असेल त्यांनी इनबॉक्सला सांगा. शहरात किंवा आठ-दहा किलोमीटरच्या आत. भाडं आठ हजारांपर्यंत. अटींचा कागद सही करून देऊ. अंडी पहिल्या आठवड्यापासून पोच.

आणि ज्या अकरा जणांनी नकार दिला त्यातले दोघं-तिघं माझ्या लिस्टमध्ये आहेत, वाचतीलच. राग नाही. कागद वर आहे, या वेळी पूर्ण वाचा.